गोंगाटाच्या मैफलीत कसं बसावं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, आणि ते साहजिकच आहे. गोंगाटाचं संगीत, आणि वर त्याचा महोत्सव! पण जगातल्या कितीतरी शहरांत असे छोटे महोत्सव भरतात. एखाद्या पबची मागची खोली किंवा रिकामं गोदाम, पन्नास-शंभर माणसं, एका संध्याकाळी आठ-दहा कलाकार, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने लंडन, बर्लिन, टोकियोकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींना तर हे घराजवळच सापडेल. तिथे गेलं तर ऐकायचं काय, आणि ऐकलेलं चांगलं होतं की वाईट हे ठरवायचं कसं, एवढाच आजचा प्रश्न आहे. 'याला संगीत म्हणायचं का' या वादात आपण फार वेळ काढणार नाही. त्या वादात शिरलेला माणूस सहसा ऐकायचंच विसरतो.

सुरुवात अमेरिकेतल्या मायामीपासून करू. तिथल्या लिटल हैती भागात चर्चिल्स नावाच्या जुन्या पबमध्ये 'इंटरनॅशनल नॉइज कॉन्फरन्स' नावाचा महोत्सव बरीच वर्षं भरत आला. नाव परिषदेचं, पण निबंधवाचन वगैरे काही नाही. एकामागून एक माणसं येतात, थोडा वेळ प्रचंड आवाज करतात आणि उतरतात. रॅट बास्टर्ड या नावाने वाजवणाऱ्या संगीतकाराने तो सुरू केला. त्याचे तीन नियम या वर्तुळात प्रसिद्ध आहेत: लॅपटॉप नको, ड्रोन नको, मिक्सर नको. ज्या संगीताला काही नियमच नाहीत असं आपण समजतो, त्याच्या महोत्सवाच्या दारावर तीन नियम! हे नियम आपण लक्षात ठेवू, कारण ते समजले की निम्मा विषय समजतो. पण त्याआधी 'गोंगाट' या शब्दाचं काय करायचं ते बघायला हवं.

शाळेत आपण शिकलो की नियमित कंपनांचा तो सूर आणि अनियमित कंपनांचा तो गोंगाट. ही वाटणी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३च्या ग्रंथात फार नेमकेपणाने मांडली, आणि भौतिकशास्त्र म्हणून ती ठीकच आहे. पण वाद्यं ती पाळत नाहीत. आपलीच वाद्यं घ्या. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणाऱ्या कंपनांचं एकमेकांशी पूर्णांकांचं नातं नसतं, म्हणून त्याचा 'धप्प' असा आवाज येतो. तबल्याच्या पुडीवर शाई चढवली की तीच कंपनं जवळजवळ पूर्णांकांच्या नात्यात येतात आणि तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे इथे गोंगाटाला सुराकडे आणलं. तानपुऱ्यात उलटा प्रवास आहे. तार सरळ सूर द्यायला तयार असताना आपण घोडीचा माथा घासून घासून विशिष्ट उताराचा करतो, तारेखाली दोरा सरकवतो, आणि तार घोडीला चाटत राहील अशी सोय करतो. त्या झंकारलेल्या, किंचित खरखरीत आवाजाला आपण 'जवारी लागली' म्हणतो. मिरजेच्या कारागिराला विचारा, तो अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे होऊ देणार नाही. थोडक्यात, आवाजात किती खरखर ठेवायची हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गोंगाटाच्या संगीतवाल्यांनी तो फक्त टोकाला नेला.

टोकाला कसा नेला, ते थोडक्यात सांगतो. मिलानमध्ये लुइजी रुसोलो नावाचा चित्रकार होता. मार्च १९१३ मध्ये त्याने एका संगीतकार मित्राला पत्राच्या रूपात जाहीरनामा लिहिला. म्हणणं असं की कारखाने, आगगाड्या, मोटारी यांच्या आवाजात वाढलेल्या कानाला जुन्या वाद्यवृंदाचे सूर आता पुरत नाहीत. तो नुसता लिहून थांबला नाही. कर्णा लावलेल्या लाकडी पेट्या त्याने बनवल्या, दांडा फिरवला की त्यातून घरघर, गडगडाट, फुसफुस असे आवाज निघायचे. एप्रिल १९१४ मधला मिलानचा प्रयोग तर प्रेक्षकांशी हाणामारीवर गेला. त्या मूळ पेट्या पुढे नष्ट झाल्या. आज दिसतात त्या नंतर बनवलेल्या प्रतिकृती. पुढे १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर यांनी रेल्वे इंजिनांचे ध्वनिमुद्रित आवाज कापून-जोडून रचना केल्या.

आणि १९५२ मध्ये जॉन केज यांची ती चार मिनिटं तेहतीस सेकंदांची रचना आली, ज्यात वादक एकही सूर वाजवत नाही. हिची थट्टा खूप झाली आहे. तिला एक भारतीय धागा आहे तो मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. केज यांना भारतीय संगीत समजावून सांगितलं ते अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी, १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये. बदल्यात केज त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवत होते. त्या रचनेचा पहिला प्रयोग करणारे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पुढे १९६९ मध्ये अहमदाबादला आले, आणि त्यांच्या मदतीने राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे आपल्या लोकांनी केलेली ध्वनिमुद्रणं दशकानुदशकं पडून होती. २०२३ मध्ये ती लोकांसमोर आली. ऐकण्यासारखी आहेत.

जपानमध्ये मात्र गोष्ट वेगळ्याच थराला गेली. १९७९च्या सुमारास मासामी आकिता यांनी मर्झबाउ या नावाने काम सुरू केलं. आजही 'नॉइज' म्हटलं की पहिलं नाव त्यांचं. २००० साली निघालेल्या त्यांच्या एका संचात पन्नास सीडी आहेत. पन्नास! पन्नासच्या पन्नास ऐकल्याचा दावा कोणी केला तर आम्ही तरी तो जपूनच घेऊ. १९८०च्या दशकात हे संगीत मुख्यतः कॅसेटवर, टपालाने, एका देशातून दुसऱ्या देशात फिरलं. म्हणूनच आजही अशा महोत्सवात दाराजवळच्या टेबलावर कॅसेट मांडलेल्या दिसतात. त्यात गतकाळाचं प्रेम थोडं आहे, पण हिशेबही आहे: तीस-चाळीस प्रती काढायच्या तर कॅसेट परवडते, तबकडी परवडत नाही.

आता आत येऊ. पहिली गोष्ट जाणवते ती ही की रंगमंच बहुधा नसतोच. जमिनीवर एक घडीचं टेबल, त्यावर वायरींचा गुंता आणि गिटारवाले पायाने दाबतात तसल्या सात-आठ पेडलच्या डब्या. शेजारी पत्र्याचा तुकडा, स्प्रिंग, एखादा जुना कॅसेट प्लेअर. पत्र्याला पितळेची एक चकती चिकटवलेली असते. ही चकती म्हणजे पिएझो. उघडल्यावर गाणं म्हणणारी शुभेच्छापत्रं आठवतात का, त्यात आवाज करायला असते तीच. उलटी जोडली की ती आवाज करण्याऐवजी आवाज पकडते, आणि हवेतला नाही तर थेट धातूच्या अंगातला. नखाने पत्रा खरवडला तरी खोलीत डोंगर कोसळल्यासारखं होतं. किंमत म्हणाल तर चहा-वड्याच्या खर्चात येते.

दुसरं मुख्य साधन आपल्या सगळ्यांना नकोशा ओळखीचं आहे. सत्कार समारंभात पाहुणे बोलायला उभे राहतात आणि माईक 'कुंईईं' करून किंचाळतो. साउंडवाला धावत येतो. होतं काय, की स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, तिथून ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर, पुन्हा माईकमध्ये. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरतं आणि ज्या कंपनसंख्येला प्रत्येक फेरीत बळ मिळत जातं, ती शिट्टी बनून वर येते. यालाच फीडबॅक म्हणतात. माईक वीतभर हलवला की सूर बदलतो. मध्ये माणूस उभा राहिला तरी बदलतो. रिकाम्या खोलीत आणि भरलेल्या खोलीत वेगळा येतो, कारण माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषतात. साउंडवाल्याचा जो शत्रू, तो इथल्या वादकाचं वाद्य. आणि त्या वाद्याचा एक भाग आपण स्वतः आहोत. आपण कुठे उभे आहोत यावर ते कसं वाजेल हे अंशतः ठरतं.

हे कळलं की मायामीचे नियम उलगडतात. ते तिथल्या संयोजकांनी कशासाठी केले याची आमची समजूत अशी. लॅपटॉप नको, कारण लॅपटॉपमागे बसलेला माणूस वाजवतोय की ईमेल बघतोय हे समोरच्याला कळत नाही; त्याचं काही चुकू शकतं असं वाटत नाही, आणि चुकण्याची शक्यता गेली की समोर बसण्याचं कारणही निम्मं जातं. मिक्सर नको, कारण मिक्सर आला की मांडामांड आली, अर्धा तास जोडाजोडी आली, आणि आवाज सावरून घेण्याची सोय आली. ड्रोन नको, म्हणजे एकच लांब आवाज धरून ठेवायचा नाही, कारण ती पळवाट आहे. बटण दाबून पंधरा मिनिटं एकच घूं लावली की लोक डोळे मिटतात आणि खोल काही चाललंय असं सगळ्यांना वाटतं.

नियम चांगले आहेत, पण ते जगाला लावू नयेत. ड्रोनचंच बघा. फ्रान्सच्या एलियान रादिग यांनी एका सिंथेसायझरवर वर्षानुवर्षं इतक्या सावकाश बदलणाऱ्या रचना केल्या की दहा मिनिटांनी लक्षात यावं, अरे, आपण कुठे होतो आणि कुठे आलो. ती पळवाट नक्कीच नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तर ते चटकन उमगतं. आणि मिक्सर? टोकियोच्या तोशिमारू नाकामुरा यांचं वाद्यच मिक्सर आहे. ते त्याला बाहेरून काहीही जोडत नाहीत; त्याचीच बाहेर जाणारी वायर त्याच्याच आत येणाऱ्या तोंडात खुपसतात. यंत्र स्वतःचंच ऐकू लागतं, आणि त्यातून बारीक किणकिण, ठिबक, शीळ असं काहीतरी जन्मतं. मायामीच्या दारातून त्यांना परत जावं लागलं असतं.

नाकामुरा आणि त्यांचे सहकारी ज्या जागेत वाजवत, तिची गोष्ट सांगायलाच हवी. टोकियोत ऑफ साइट नावाची एक लहानशी जागा २००० ते २००५ या काळात होती. वस्तीतलं जुनं घर, पातळ भिंती, शेजारी झोपलेले. मोठा आवाज केला तर तक्रार येणार. तेव्हा तिथे वाजवणारे इतकं हळू वाजवू लागले की श्रोत्याला स्वतःच्या खुर्चीची कुरकुर ऐकू यावी. जगभरच्या अभ्यासकांनी पुढे त्या शांत शैलीवर पानंच्या पानं लिहिली. शेजाऱ्यांच्या झोपेलाही त्या श्रेयातला वाटा मिळायला हवा! मुद्दा असा की छोटी जागा ही या संगीताची फक्त गरिबी नाही. ती त्याला आकार देते. लंडनच्या डॉल्स्टन भागातलं कॅफे ओटो २००८ पासून चालू आहे. तिथे दिवसा लोक कॉफी पितात आणि रात्री त्याच खोलीत मैफल होते. 'ओतो' म्हणजे जपानीत ध्वनी. तिथे पुढच्या रांगेतला श्रोता हात लांब करून पेडलला हात लावू शकेल इतका जवळ असतो. मोठ्या मैदानावर हेच संगीत नेलं तर फीडबॅकचा खोलीशी चाललेला संवाद संपतो आणि उरतो तो नुसता मोठा आवाज.

आता कानांचं. इथे आम्ही थोडे कडक होणार आहोत. सर्व महोत्सव कर्कश नसतात, पण बरेच असतात, आणि कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या जागेसाठीचा एक प्रचलित हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. अशा मैफलीत १०० सहज ओलांडले जातात. फोमचे बोळे खिशात ठेवा, पिळून बारीक करा, कान वरच्या बाजूला ओढून खोल बसवा आणि फुगू द्या. कापूस चालत नाही. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती शौर्याची खूण नाही, इजेची आहे. 'बोळे घातले तर खरा अनुभव कसा मिळणार' असं सांगणारे भेटतील; त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलावं लागेल.

कोणी विचारेल, मग विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना तुम्ही नावं ठेवता, त्यात आणि यात फरक काय? आपल्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मिरवणुकीत तिचं काय होतं ते लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारा. आमच्या मते फरक दाराचा आहे. इथे माणूस तिकीट काढून, बोळे घेऊन येतो आणि नको झालं की उठून बाहेर जातो. मधेच उठणं इथे अपमान मानत नाहीत. मिरवणुकीच्या बाजूच्या इमारतीतल्या आजोबांना असं दार नसतं. म्हणून ज्या महोत्सवात बाहेर पडायची वाट अरुंद आहे किंवा कलाकार श्रोत्यांना कोंडून धरण्यात मर्दुमकी समजतो, तिथून आम्ही लवकर निघू. या संगीताच्या एका शाखेत १९८०च्या दशकापासून हिंसेची, फॅसिस्टांची चिन्हं धक्का म्हणून मिरवली गेली आहेत. 'तो विरोधाभास आहे, तुम्हाला कळला नाही' हा बचाव दरवेळी मान्य करायची गरज नाही.

मोठ्या आवाजाचं समर्थन करणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती सुंदर आहे. अमेरिकन संगीतकार मेरीअॅन अमाकर कानाकडूनच वाजवून घेत असत. २००० आणि २४०० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, पुरेशा जोराने लावले की आतला कान स्वतः तिसरा सूर तयार करतो, १६०० हर्ट्झचा. पहिल्याची दुप्पट करून दुसरा वजा करा, येतं ते. हा सूर स्पीकरमधून निघालेलाच नसतो. कान असे आवाज खरोखर बाहेर सोडतो हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी मोजून दाखवलं. अमाकरांच्या मैफलीत ही तिसरी धून डोक्याच्या आत, कपाळापाशी कुठेतरी नाचल्यासारखी वाटते. हेडफोनवर ती मजा येत नाही, असं त्या स्वतः सांगत.

शेवटचा भाग, निवाड्याचा. 'हे तर कोणीही करेल' असं म्हणतात ते खरं आहे, आणि संयोजकांना तेच हवं असतं: कोणीही करावं. आजचा श्रोता पुढच्या वर्षी टेबलामागे उभा असतो. म्हणून दहा प्रयोगांतले सहा-सात सुमार असणार हे धरूनच जावं. पण सुमार कशावरून? आम्ही पहिल्यांदा बघतो की वाजवणारा स्वतः ऐकतोय का. पेडलची खुंटी फिरवून काय झालं याची वाट न बघता दुसरी फिरवणारा माणूस ऐकत नाही; तो घाबरलेला असतो. चांगला वादक अनपेक्षित काही निघालं तर तिथे थांबतो, त्याला गोंजारतो, पुन्हा येतंय का बघतो. गायक एखाद्या जागेवर अडखळून तिथेच नवी जागा शोधतो, त्यातलाच हा प्रकार.

मग दाटी. सतत सगळं भरलेलं असेल तर कान दोन मिनिटांत बधिर होतो आणि तुफानही पंख्यासारखं वाटू लागतं. मर्झबाउचं चांगलं ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐका: भिंत वाटते, पण आत थर सरकत असतात, खालचा दणका मध्येच काढून घेतला जातो आणि पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेवट. ख्यालाला तिहाई आहे, समेवर येणं आहे. इथे काही नाही. कधी थांबायचं हे कोणी सांगत नाही. बहुतेक जण आवाज हळूहळू कमी करत नेतात, किंवा घड्याळाकडे बघून खटका बंद करतात. क्वचित एखादा अशा क्षणी वायर उपटतो की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो, आणि टाळी पडायला तीन-चार सेकंद लागतात. त्या तीन-चार सेकंदांवर आमचा टाळीपेक्षा जास्त विश्वास आहे.

न आवडलेलं न आवडलं म्हणा. 'मला त्यातलं काय कळतंय' या भीतीने माना डोलावणारे श्रोते या संगीताचं जितकं नुकसान करतात तितकं टीकाकार करत नाहीत. फक्त म्हणताना कोणता आवाज, कोणत्या मिनिटाला, हे सांगता आलं पाहिजे. पहिल्या संध्याकाळी ते जमत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी जमू लागतं.

आणि प्रयोग संपला की टेबलापाशी जा. वायरी गुंडाळत असलेल्या माणसाला विचारा, ती निळी डबी कसली होती. इतर कुठल्याही मैफलीत कलाकाराला असं विचारायला संकोच वाटेल. इथे तो बहुतेक वेळा डबी उघडून आतलं दाखवतो, कुठली तार चुकून जोडली गेली आणि तीच कशी ठेवून दिली हे सांगतो, आणि घरी करून बघायचं असेल तर पिएझोच्या चकतीला झाळकाम करताना ती जास्त तापवू नका असंही बजावतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.